सेकंड हँड मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी घेताय? टोकन देण्याआधी हे वाचा

रावेर : केळीला चार पैसे बरे मिळाले की गावात पहिला विषय निघतो तो गाडीचा. त्यातच मोबाइलवर जाहिरात येते – ‘मर्सिडीज, टॉप मॉडेल, सिंगल ओनर, नव्या छोट्या गाडीच्या पैशात’. फोटो पाहिला की मन हलतं. दारात चांदणीवाली गाडी उभी राहिली तर पोराच्या सोयरिकीच्या वेळीही बरं दिसेल, असंही घरात कुणीतरी बोलून जातं. यात वाईट काही नाही. हौस आहे, करावी. पण जुनी लक्झरी गाडी घेणं आणि ती सांभाळणं हे दोन वेगळे खर्च आहेत, आणि आपल्याकडे बहुतेक जण फक्त पहिल्याचा हिशोब करतात.

म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी तुम्हाला आठ-नऊ लाखांत मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स, तिचे शॉकअप, तिची हेडलाइट ही चाळीस लाखांच्या गाडीचीच असते. हे लक्षात ठेवलं तर सौदा चांगला होऊ शकतो. विसरलं तर गाडी ओट्यासमोर ताडपत्रीखाली उभी राहते.

इतकी स्वस्त का मिळते?

ज्यांनी ही गाडी नवी घेतली ते डॉक्टर, बिल्डर, उद्योजक किंवा कंपन्या असतात. चार-पाच वर्षांत वॉरंटी संपते, नवं मॉडेल येतं, ते गाडी काढून टाकतात. पुढचा गिऱ्हाईक कमी असतो, कारण सर्व्हिसचा खर्च ऐकून लोक मागे सरतात. मागणी कमी म्हणून भाव कमी. म्हणजे पहिल्या मालकाने जे नुकसान सोसलं त्याचा फायदा तुम्हाला मिळतो. पण त्यातला काही भाग दुरुस्तीच्या रूपाने परत द्यावा लागतो.

आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) उद्योजक, व्यावसायिक मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज खरेदी केल्या. सगळ्या मिळून सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. त्याची बातमी देशभर गाजली. सरासरी काढली तर एक गाडी ४३ लाखांच्या आसपास पडली. त्यांनी गट करून भाव आणि बँकेचं व्याज दोन्ही कमी करून घेतलं, हा त्यातला शहाणपणा. पण आपल्यासाठी धडा दुसरा आहे. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची असते. त्या वर्षी पासिंग झालेल्या गाडीच्या आरसीची मुदत २०२५ मध्ये संपली. आज तशी गाडी कुणी ‘फक्त चार लाख’ म्हणून दाखवली, तर भाव ऐकण्याआधी आरसीवरची मुदत बघा.

कोणती गाडी? आधी सर्व्हिस सेंटर बघा, मग मॉडेल

या गाड्या आता बहुतेक भारतातच जोडल्या जातात. मर्सिडीजचा कारखाना पुण्याजवळ चाकणला, बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळ, आणि ऑडी-स्कोडाचा संभाजीनगरच्या शेंद्रा एमआयडीसीत. कारखाना महाराष्ट्रात आहे म्हणून पार्ट स्वस्त मिळतात असं मात्र नाही. बरेच पार्ट बाहेरूनच येतात.

रावेरहून भुसावळ, जळगाव जवळ आहे, बऱ्हाणपूर तर अजून जवळ. पण जर्मन गाड्यांची अधिकृत सर्व्हिस सेंटरं मोठ्या शहरांत असतात, आणि आपल्याला जवळची मोठी शहरं म्हणजे संभाजीनगर, नाशिक, इंदूर. यातलं कोणतंही इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून लांब आहे. निंभोऱ्याजवळ गाडी बंद पडली तर ती फ्लॅटबेडवर चढवून तिथपर्यंत न्यावी लागेल. त्याचं भाडं कोण देणार, हे आधीच विचारून ठेवा. म्हणून ज्या कंपनीची गाडी बघताय तिच्या सर्व्हिस सेंटरला घेण्याआधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा : या मॉडेलचं काम तुमच्याकडे होतं का, साधी सर्व्हिस किती रुपयांत होते, आणि पुढच्या ब्रेकपॅड-डिस्कचा खर्च किती. फोन फुकट आहे, उत्तर लाखाचं आहे.

साधारण दोन वाटा आहेत :

पहिली वाट – टोयोटा कॅम्री, होंडा अकॉर्ड, स्कोडा सुपर्ब, फोक्सवॅगन पसाट. या गाड्या ऐसपैस आहेत, मागच्या सीटवर पाय पसरून बसता येतं, पण बोनेटवर ‘नाव’ थोडं कमी. सांभाळायला मात्र यातल्या काही तुलनेने सोप्या. कॅम्री आणि अकॉर्डच्या पेट्रोल इंजिनाचा टिकाऊपणा जुन्या फिटरलाही माहीत असतो. कॅम्री हायब्रिड असेल तर मोठ्या बॅटरीची तपासणी केल्याशिवाय हो म्हणू नका.

दुसरी वाट – मर्सिडीज सी-क्लास, ई-क्लास, बीएमडब्ल्यू ३ आणि ५ सिरीज, ऑडी ए४, ए६. नाव मोठं, आराम मोठा, बिलही मोठं.

घरात ही एकच गाडी असणार असेल, म्हणजे दवाखाना, बाजार, लग्न, शेत सगळं तिच्यावरच, तर पहिली वाट धरा. दारात दुसरी कामाची गाडी असेल आणि ही हौसेची असेल, तर दुसरीचा विचार करायला हरकत नाही.

खर्चाचा हिशोब : कागदावर मांडा

खालचे आकडे हिशोब समजावा म्हणून धरले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे घालून तुम्हीच मांडा.

इंधन : वर्षाला १०,००० किलोमीटर फिरवली आणि लिटरला १२ किलोमीटर पडले, तर सुमारे ८३३ लिटर लागेल. लिटरचे ९५ रुपये धरले तर ७९ हजारांच्या वर. हीच गाडी गावातल्या गावात एसी लावून फिरवली तर ॲव्हरेज अजून पडेल.

इन्शुरन्स : १५०० सीसीच्या वरच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम २०२२ मध्ये सरकारने वर्षाला ७,८९७ रुपये ठरवला. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. जुन्या गाडीला ‘झिरो डेप’ मिळेलच असं नाही. ते नसेल तर क्लेममध्ये प्लास्टिक आणि रबरच्या पार्टचे निम्मे पैसे कापले जातात. लक्झरी गाडीचा बंपर म्हणजे काय भाव असतो ते सर्व्हिस सेंटरला विचारा, मग या मुद्द्याचं वजन कळेल.

टायर : या गाड्यांना १७-१८ इंची टायर असतात. चारही बदलायची वेळ आली तर मोठा खर्च. बऱ्याच बीएमडब्ल्यूला ‘रन फ्लॅट’ टायर असतात. पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालतात, पण महाग असतात आणि गावातल्या पंक्चरवाल्याकडे ते काढायचं मशीन असेलच असं नाही.

अचानक खर्च : यालाच लोक विसरतात. गाडी जेवढ्याला घेतली त्याच्या निदान पाव हिश्श्याएवढी रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवावी. गाडी आठ लाखांची तर दोन लाख बँकेत. म्हणजे तुमच्याकडे एकूण आठ लाख असतील तर सहा-साडेसहा लाखांचीच गाडी बघा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मा त्रास वाचेल.

आणि एक कळकळीचं सांगणं. पीककर्जाचा पैसा गाडीत घालू नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेमुळे व्याज पडत नाही. तो पैसा गाडीत अडकला, मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली, हप्ता थकला, की बिनव्याजी कर्ज व्याजाचं होतं. गाडी विकायला काढली तर घाईच्या गिऱ्हाइकाला भाव मिळत नाही. गाडी नंतरही घेता येते.

गाडी बघायला जाताना

आपला फिटर बरोबर न्या, पण त्याने याआधी ही कंपनी हाताळलेली असावी. ट्रॅक्टरचा उत्तम मिस्त्री असला तरी ऑटोमॅटिक जर्मन गाडी हे त्याचं काम नाही. त्याची फी तुम्ही द्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा फिटर घेऊ नका.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. ‘तुम्ही येणार म्हणून गरम करून ठेवली’ असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड इंजिन चालू होताना खडखड ऐकू आली, निळा धूर निघाला, तर विचारपूस करा. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०११ च्या आसपासच्या दोन लिटर डिझेल इंजिनात टायमिंग चेनचा त्रास जगभर माहीत आहे. ती चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला असते. त्यामुळे काम करायचं तर बरंच काही खोलावं लागतं.

चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, मीटरमध्ये सगळे दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन चालू झाल्यावर विझले पाहिजेत. एअरबॅगचा किंवा इंजिनचा दिवा आधी लागलाच नाही, तर बल्ब काढून ठेवलेला असू शकतो. ही युक्ती जुनी आहे, पण अजून चालते.

गिअरबॉक्स : ब्रेक दाबून आर वरून डी वर आणि परत आणा. धक्का बसतो का, वेळ लागतो का बघा. मग हळू ट्रॅफिकमध्ये चालवा. स्कोडा, फोक्सवॅगन, ऑडी या गटातल्या काही गाड्यांत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्स आहे. त्याच्या कंट्रोल युनिटच्या तक्रारी सगळीकडे झाल्या. असा गिअरबॉक्स असेल तर दुरुस्ती झाल्याचं बिल मागा.

सस्पेन्शन : काही मोठ्या मॉडेलमध्ये स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात. रात्रभर उभी राहून गाडी सकाळी एका बाजूला बसलेली दिसली तर फुगा गळतोय. एअर सस्पेन्शन दुरुस्तीचा खर्च ऐकून अनेक गाड्या विकायला निघतात, हे लक्षात ठेवा. आपल्या रस्त्यांसाठी साध्या स्प्रिंगची गाडी बरी.

स्कॅनर : गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून घ्या. ज्यांनी मीटर मागे फिरवलं ते बहुतेक वेळा फक्त डॅशबोर्डवरचा आकडा बदलतात. गाडीच्या इतर मॉड्यूलमध्ये खरे किलोमीटर राहू शकतात. स्टिअरिंग, पेडलचं रबर आणि ड्रायव्हर सीटची कड घासलेली असेल आणि मीटर ४० हजार दाखवत असेल, तर शंका घ्या. मालकाला बरोबर घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये नंबरवरून जुनी सर्व्हिस हिस्ट्री काढा.

पुरात बुडालेली गाडी : जुलै २००५ मध्ये मुंबईत आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. दरवर्षी कुठेतरी असं होतंच, आणि अशा गाड्या धुऊनपुसून लांबच्या जिल्ह्यात विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत मातीची रेघ दिसते का. कार्पेट उचला. डिक्कीतल्या स्टेपनीच्या खड्ड्यात गंज, गाळ, कुबट वास आहे का बघा. सीटचे बोल्ट गंजलेले असतील तर परत फिरा.

अपघात : सगळ्या काचांवर तारीख किंवा वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर कारण विचारा. बोनेट आणि दरवाजाच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या २३व्या आठवड्यातलं. नक्षी चांगली असली तरी सहा-सात वर्षं जुनं टायर आपल्या उन्हाळ्यात भरवशाचं नसतं.

एसी : हिवाळ्यात एसी कुणाचाही थंड लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो. शक्य तर दुपारी उन्हात उभी केलेल्या गाडीत बसून अर्धा तास एसी चालवून बघा.

कागदपत्रं : ‘स्टँपवर लिहून घेतलं’ म्हणजे गाडी नावावर झाली नाही

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते. आपल्याकडे पद्धत अशी की स्टँपपेपरवर लिहून घ्यायचं, विकणाऱ्याच्या सह्या केलेले फॉर्म घरात ठेवायचे आणि गाडी फिरवायची. ‘नावावर करू सावकाश.’ भाऊ, हे सावकाश फार महागात पडतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवून गाडी नावावर करायची असते. विकणाऱ्यानेही राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि बाहेरच्या राज्यात ४५ दिवसांत कळवायचं असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तोच मालक. त्या प्रकरणात गाडी अनेक हात फिरली होती, अपघात झाला, आणि भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर आली. म्हणजे तुम्ही गाडी विकताय तरी नाव बदलून घ्या, घेताय तरी बदलून घ्या.

लागणारे कागद थोडक्यात :

– मूळ आरसी. इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवून बघा.
– फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या सह्या. कोरे फॉर्म घेऊ नका.
– गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ‘नो ड्यूज’ पत्र आणि फॉर्म ३५. आरसीवरचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.
– चालू इन्शुरन्स आणि पीयूसी.
– मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने करून घ्यावं, मग तुमच्या.
– गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. लक्झरी गाड्यांत हे वारंवार होतं.
– सरकारी लिलावातली गाडी असेल तर फॉर्म ३२.

घरबसल्या एक काम करा. एमपरिवाहन ॲपवर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, आरसीची मुदत, इन्शुरन्स, पीयूसी, कर्जाचा बोजा, गाडी काळ्या यादीत आहे का, हे कळतं. ई-चलन वेगळं तपासा. आधीच्या मालकाचे हजारो रुपयांचे दंड निघू शकतात. ते फेडणं त्याचं काम, हे सौद्यात आधी बोला.

१ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवणं महाराष्ट्रात सक्तीचं केलं आहे. ती नसेल तर आरटीओचं काम अडू शकतं. कारसाठी ठरलेला दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे. प्लेट बसली आहे का ते बघा.

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर आरसीचं नूतनीकरण फॉर्म २५ ने होतं, गाडी तपासणीला न्यावी लागते आणि पुढे पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली. पूर्ण आयात केलेल्या कारला तीच ४०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून आरसीवर ‘इम्पोर्टेड’ लिहिलंय का, हे एका नजरेत बघून घ्या.

बऱ्हाणपूर, इंदूर, सुरत, दिल्लीची गाडी

आपण सीमेवरचे लोक. रावेर स्टेशन सोडलं की पुढे बऱ्हाणपूर. त्यामुळे एमपी पासिंगच्या गाड्या इथे सहज दिसतात, आणि इंदूरच्या डीलरकडे भाव कमी वाटतो. पण त्या भावात महाराष्ट्राचा टॅक्स धरलेला नसतो.

कलम ४७ प्रमाणे एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ ची एनओसी आणि इथे फॉर्म २७. मग आपला एमएच-१९ नंबर मिळतो, पण एकरकमी रोड टॅक्स भरल्यावर. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या नव्या खासगी पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सवलत मिळते, पण मोजणी तुम्ही दिलेल्या किमतीवर होत नाही. ती गाडीच्या मूळ किमतीवर होते. आठ लाखांत घेतलेल्या गाडीचा कर चाळीस लाखांवरून मोजला जातो, हे ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून सौदा ठरवण्याआधी जळगाव आरटीओत गाडीची माहिती देऊन कराचा आकडा काढून घ्या, आणि तो गाडीच्या किमतीत मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा.

दिल्लीच्या डिझेल गाड्या अजून स्वस्त दिसतात. त्याचं कारण २०१५ चा हरित लवादाचा आदेश. १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना दिल्ली परिसरात बंदी आली, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम ठेवली. २०२५ मध्ये कोर्टाने यावर नवे आदेशही दिले. तिथून गाडी घ्यायची तर दोन प्रश्न आधी सोडवा : तिथली एनओसी मिळते का, आणि आपलं आरटीओ ती गाडी नोंदवून घेतं का. दोन्हीचं उत्तर हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. ‘एनओसी आठ दिवसांत कुरिअरने पाठवतो’ यावर विश्वास ठेवून पैसे देणारे नंतर फोन लावत बसतात.

डीलर, एजंट आणि पैसे

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी डीलरकडे दिल्याची नोंदही सरकारी पोर्टलवर करायची असते. अधिकारपत्र दाखवायला सांगा. दाखवलं तर चांगलंच. टाळाटाळ केली तर समजून घ्या.

पैसे देताना :

– टोकन थोडंच द्या. पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि ‘कागदात दोष निघाल्यास टोकन परत’ हे लिहून घ्या.
– रक्कम आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यावर पाठवा. ‘भावाच्या खात्यावर टाका’ चालणार नाही.
– थोडी रक्कम गाडी नावावर होईपर्यंत राखून ठेवा, आणि तसं लिहून घ्या.
– गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या करा. त्या वेळेआधीचं चलन आणि अपघात त्याचे, नंतरचे तुमचे.
– गाडी न बघता, फक्त फोटोवर, आर्मीतल्या साहेबाची बदली झाली म्हणून स्वस्तात विकतोय अशा मेसेजवर एक रुपयाही पाठवू नका.

इन्शुरन्सचं विसरू नका. गाडी बदलली की थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे आपोआप येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कंपनीला कळवून नावावर केल्याशिवाय लागू होत नाही. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे प्रीमियममध्ये थोडा फरक भरावा लागेल.

घेतल्यावर गावात सांभाळायची कशी?

पहिल्याच आठवड्यात सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक ऑइल आणि कूलंट बदलून घ्या. आधीच्या मालकाने काय केलं यावर अवलंबून राहू नका. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं घाला. ट्रॅक्टरच्या ड्रममधलं उरलेलं नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘आयुष्यभर बदलायचं नसतं’ असं काही जण सांगतात. जुन्या गाडीत ते कधी बदललंय याची बिलं बघून निर्णय घ्या.

डिझेल पंपावरूनच भरा. शेतातल्या कॅनमधलं, ड्रममधलं डिझेल ट्रॅक्टर पचवतो. या गाडीचे इंजेक्टर पचवत नाहीत. थोडं पाणी किंवा कचरा गेला तरी इंजेक्टर आणि पंपाचं काम निघतं. पेट्रोल गाडी जुनी असेल तर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल तिला चालतं का, हे मॅन्युअलमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. २०२३ आधीच्या अनेक गाड्या त्यासाठी बनवलेल्या नव्हत्या.

उभी गाडी जास्त बिघडते. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा. सावद्यापर्यंत जाऊन आलात तरी चालेल. बीएस-६ डिझेल गाडीला तर मोकळ्या रस्त्यावर चालवणं गरजेचंच आहे. गावात दोन-दोन किलोमीटर फिरवत राहिलं तर तिचा डीपीएफ फिल्टर काजळीने तुंबतो.

गोठ्याजवळ, कडब्याच्या गंजीजवळ गाडी लावू नका. उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि या गाड्यांत वायरिंगचा दोष शोधायलाच दिवस जातात. सनरूफ असेल तर पावसाळ्याआधी त्याच्या पाणी जाण्याच्या नळ्या साफ करून घ्या. धुताना मोटरच्या पाण्याचा जोर इंजिनावर मारू नका.

शेतरस्ता, नाला, केळीच्या बागेतली वाट ही या गाडीची जागा नाही. ती खाली टेकते. ऑइलचा चेंबर दगडाला लागला आणि लक्षात न येता गाडी चालवली तर इंजिन जाऊ शकतं. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यात घातली आणि इंजिनात पाणी शिरलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. तसंच ढकलून बाहेर काढा. पाणी शिरलेल्या इंजिनाचा क्लेम वेगळं कव्हर नसेल तर विमा कंपनी नाकारू शकते.

थोडक्यात

खालच्या पाच प्रश्नांना ‘हो’ असेल तरच टोकन द्या :

१. गाडीच्या किमतीच्या पाव हिश्श्याएवढी रक्कम कर्ज न काढता बाजूला आहे का?
२. ही गाडी महिनाभर गॅरेजला राहिली तर घराचं काम अडणार नाही ना?
३. थंड इंजिन, स्कॅनर आणि लिफ्टवर तपासणी झाली का?
४. आरसी, बोजा, चलन, मुदत आणि (बाहेरची असेल तर) टॅक्सचा आकडा हातात आहे का?
५. तीस दिवसांत गाडी तुमच्या नावावर होईल याची विकणाऱ्याशी लेखी बोलणी झाली का?

पाचही ‘हो’ असतील तर हौस जरूर करा. नीट बघून घेतलेली जुनी लक्झरी गाडी बरीच वर्षं सुखाची साथ देते. म्हाताऱ्या आई-वडिलांना जळगावच्या दवाखान्यात नेताना त्यांच्या पाठीला धक्का लागत नाही, हे सुखही कमी नाही. एक जरी ‘नाही’ असेल तर पुढच्या केळीच्या हंगामापर्यंत थांबा. जाहिराती तेव्हाही येतील, आणि तोवर ही गाडी अजून थोडी स्वस्तच झालेली असेल.